टाके निघाल्यानंतर

ह्यांना पहिली कळ कारखान्यात आली. दोघा सहकाऱ्यांनी धरून बसमध्ये बसवलं आणि बंगळुरातल्या चामराजपेटेत घरापर्यंत आणून सोडलं. मी कामावरून परतले तेव्हा हे स्वयंपाकघराच्या दारात गार फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. सासूबाई शेजारी बसून नुसत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. डाव्या कुशीतून निघालेली कळ थेट जांघेपर्यंत जात होती. पुढे एक्स-रे काढला तेव्हा मूतखडा दिसला. चांगला बोराएवढा होता आणि मूत्रपिंडातच अडकला होता. तो आपणहून पडायचा नाही, कापूनच काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले.

साठ सालानंतरची ही गोष्ट. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे यशवंतपूरकडच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. यंत्राचे सुटे भाग मापात बसतात की नाही ते बघायचं आणि न बसणारे बाजूला काढायचे, हे त्यांचं काम. स्वभावही तसाच होता. बूट, पट्टा, शर्टाची इस्त्री, सगळं जिथल्या तिथे लागायचं. मी एका संशोधनसंस्थेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. घरात आम्ही तिघंच. सासूबाई मूळच्या बेळगावकडच्या, पण तरुणपणापासून बंगळुरात राहिलेल्या. त्यांचं मराठी निम्म्या वाटेवर कानडीत शिरायचं. सुनेनं नोकरी करण्याला त्यांची हरकत नव्हती. माझ्या नखांतली काजळी मात्र त्यांना आवडायची नाही. "तिथे शिकायला जातेस की चुली सारवायला?" असं विचारायच्या.

ती काजळी कशाची, ते सांगायला हवं. आमच्या प्रयोगशाळेत त्या वेळी वेदनेवर काम चालू होतं. माणसाच्या अंगाला जखम झाली की रक्तातल्या एका मोठ्या प्रथिनाचा लहानसा तुकडा तुटून सुटा होतो. नऊ अमिनो आम्लांची ती साखळी. तिचं नाव ब्रॅडिकायनिन. ती मज्जातंतूच्या उघड्या टोकाला चिकटली की तंतू पेटल्यासारखा मेंदूकडे निरोप धाडायला लागतो. हिस्टामिन, सेरोटोनिन अशी तिची भावंडंही जखमेत असतात. हे पदार्थ इतके थोडे असतात, की तराजूत घालून मोजायची सोय नव्हती. म्हणून आम्ही गिनिपिगच्या आतड्याची पट्टी कोमट द्रवात टांगून ठेवायचो. तिच्यावर थेंब सोडला की पट्टी आकसायची, तिला बांधलेली काडी हलायची आणि काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उठायची. कागद ड्रमवर गुंडाळून रॉकेलच्या धुरावर काळा करण्याचं काम माझ्याकडे होतं. जितकी उंच रेघ, तितका पदार्थ जास्त.

ती रेघ वेदनेची आहे हे पडताळायला माणूस लागायचा. तेव्हा आम्ही एकमेकांच्याच हातावर प्रयोग करायचो. एका भुंग्यापासून काढलेलं औषध दंडाच्या खाली लावून ठेवलं की तिथे फोड यायचा. फोडाची कातडी अलगद कापून खालच्या ओल्या जागेवर तो पदार्थ सोडायचा. ज्याचा हात असेल त्यानं दुसऱ्या हातातला रबरी गोळा दुखेल तितका दाबायचा. थोड्या वेळानं जागा मिठाच्या पाण्यानं धुतली की दुखणं थांबायचं. माझ्या दोन्ही हातांवर असे गोल डाग होते.

ऑपरेशन झालं ते शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात. ईथर देऊन ह्यांना झोपवलं आणि पाठीपासून पोटापर्यंत, शेवटच्या बरगडीखालून तिरका छेद घेतला. मूतखडा अखंड निघाला. सर्जननी तो कापसावर ठेवून मला दाखवला. पिवळट, काटेरी होता. "आता तुमची काळजी संपली," ते इंग्रजीत म्हणाले. मला खरंच तसं वाटलं.

पहिले काही दिवस दुखलं, पण ते दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. खोकला आला की ह्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मी उशी पोटाशी धरायला द्यायची आणि म्हणायची, "आत आता सगळं सुटं झालंय. तुटलेल्या पेशींमधून ते पदार्थ बाहेर पडताहेत. जखम भरत आली की ते वाहून जातील."

"किती उंच रेघ येईल माझी?" हे विचारायचे.

"ड्रम पुरणार नाही."

त्यांना हसायला बंदी होती, हसलं की टाके ओढायचे. तरी हसायचे.

टाके काढले त्या दिवशी आम्ही जटका करून घरी आलो. घोडा सावकाश चालव, असं सासूबाई जटकेवाल्याला सारखं कानडीत बजावत होत्या. घरी आल्यावर त्यांनी दारातच ह्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. जखम कोरडी होती. लालपणा नव्हता, ताप नव्हता. आम्ही तिघंही दुखणं उतरायची वाट बघू लागलो.

ते उतरलं नाही. उलट त्याची जातच बदलली. आधी आत खोल दुखायचं, ते आता वरवर आलं आणि भाजल्यासारखं झालं. छेदाच्या खाली, कमरेपर्यंतच्या पट्ट्यात, नुसता शर्ट घासला तरी हे श्वास रोखून धरायचे. जोरात दाबलं तर एक वेळ चालायचं, हलकं लागलेलं चालायचं नाही. आंघोळीला बसले की पाणी उजव्या खांद्यावरून घ्यायचे, आणि एखादा ओघळ चुकून डावीकडे गेला की न्हाणीघरातून काहीच आवाज यायचा नाही. तो आवाज न येणं मला बाहेर ऐकू यायचं. वारा सुटला तर खिडकी लावायला सांगायचे. शेजारच्या अक्का भेटायला आल्या आणि "अण्णा, आता बरं ना?" म्हणत त्यांनी मायेनं पाठीला हात लावला, तेव्हा ह्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यानं त्या बाई घाबरून दोन पावलं मागे सरल्या. नंतर कितीतरी वेळ हे त्यांची माफी मागत होते.

रजा संपली आणि हे कामावर रुजू झाले. शर्ट आत खोचणं आणि पट्टा बांधणं शक्यच नव्हतं. तेव्हा शर्टाची डावी बाजू बाहेर सोडून, एका हातानं ती अंगापासून दूर धरून, हे बसला उभे राहायचे. ज्या माणसानं आयुष्यात कधी शर्टाचं बटण चुकवलं नाही, त्याला तसं जाताना बघायला मला नको वाटायचं. कारखान्यात आधी लोकांनी सांभाळून घेतलं. मग कुजबुज सुरू झाली. जखम तर भरली, खडाही निघाला, आता काय राहिलं? तिथल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की शरीरात काहीही दोष नाही, थोडं मन घट्ट करायला हवं.

त्या दिवशी हे घरी येऊन नेहमीसारखे जेवले. ताट बाजूला सरकवल्यावर मला म्हणाले, "मन घट्ट करायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं?"

सासूबाई म्हणाल्या, "स्वल्प दिवस जाऊ देत. सरी होईल, सगळं ठीक होईल."

आम्ही पुन्हा सर्जनकडे गेलो. त्यांनी खूण बघितली आणि ते खूश झाले. शिकाऊ डॉक्टरांना जवळ बोलावून त्यांनी ती दाखवलीसुद्धा. ह्यांनी दुखतं म्हणून सांगितलं तेव्हा ते म्हणाले की हळूहळू जाईल, काहींना वेळ लागतो. मी विचारलं, "जखम भरल्यावर कशामुळे दुखतं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, "ते मला ठाऊक नाही."

मग मी आमच्या सरांना विचारलं. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, विषयातले जाणकार. मी विचारलं, सूज ओसरल्यावरही तो पदार्थ त्या जागी तयार होत राहू शकतो का? सर विचार करून म्हणाले, "फोडावर आपण थेंब सोडतो, दुखतं. धुतला की थांबतं. तुमच्या यजमानांच्या बाबतीत शरीरानं कधीच धुऊन काढलेला असणार. तिथे आता काही असायलाच नको."

"पण दुखतंय, सर."

"हो," सर म्हणाले. "मी ते नाकारत नाही."

मी हे घरी सांगितलं. ऐकून ह्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. म्हणाले, "मग माझं रक्त तपासा. माझ्या हातावर फोड आणा. तुम्ही एकमेकांचे हात जाळून घेता, त्यापेक्षा ज्याचं खरंच दुखतंय त्याला बोलवा." मी नको म्हटलं. त्यांना आधीच एवढा त्रास, त्यात आणखी कशाला. पण ते ऐकेनात. कारखान्यात त्यांच्या हाती आलेल्या प्रत्येक तुकड्यात खोट असली तर ती मापावर दिसायची. आपली खोटही कुठेतरी दिसेल अशी त्यांची पक्की समजूत होती. कुणी तरी ती कागदावर दाखवावी, एवढंच त्यांना हवं होतं.

सर तयार झाले. एका शनिवारी सकाळी हे शर्टाची बाजू धरून आमच्या प्रयोगशाळेत आले. सगळी उपकरणं त्यांनी नीट बघितली, काडीचा तोल कसा साधला आहे ते वाकून पाहिलं. आदल्या दिवशी लावलेल्या औषधानं उजव्या हातावर टपोरा फोड आला होता. मी कातडी कापली. पुढचं काम सरांनी केलं. ह्यांचं रक्त काढून त्यातला पिवळा द्रव वेगळा केला. काचेला लागला की हा द्रव आपोआप झोंबरा होतो, ते आम्हाला माहीत होतं. एक थेंब फोडावर सोडला, एक आतड्याच्या पट्टीवर. मग तुलनेसाठी माझ्या रक्ताचा द्रव घेऊन तेच सगळं पुन्हा केलं.

ह्यांनी गोळा दाबला. रेघ उठली. माझ्या रक्ताची जेवढी, तेवढीच. पुन्हा करून बघितलं. फरक नव्हता.

सर म्हणाले, "रक्तात जास्त काही नाही. फोडाचं दुखणंही इतरांसारखंच आहे." त्यांच्या दृष्टीनं ती चांगली बातमी होती. हे "बरं" म्हणाले, सरांचे आभार मानले, आणि काजळीचा कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळवायला टांगला होता तिथे जाऊन त्या दोन सारख्या रेघा बघत उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. मार्केट जवळ आलं तसे हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुमच्या कागदावर माझं दुखणं उमटत नाही."

"म्हणजे ते नाही असं होत नाही."

"तू म्हणतेस. कागद तसं म्हणत नाही."

बस थांबली. उतरणाऱ्या एका बाईच्या टोपलीचा काठ त्यांच्या कुशीला लागला. त्यांनी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली. बोटांची पेरं पांढरी झालेली मी बघितली. दुसरं काहीच करू शकले नाही.

काही महिन्यांनी त्याच इस्पितळातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एक उपाय सुचवला. खुणेच्या मागच्या टोकाशी, बरगडीखाली, मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन द्यायचं. सुई गेली तेव्हा ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळानं उघडले आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "गेलं."

मला वाटलं ह्यांना चक्कर येतेय. "काय गेलं?"

"दुखायचं थांबलं गं."

आम्ही दोघंही काय करावं न कळून बाहेर आलो. इस्पितळाच्या आवारातच एका झाडाआड त्यांनी शर्ट नीट आत खोचला. बरोबर पट्टा नव्हता, तर रस्त्यावरच्या दुकानातून घेतला आणि तिथेच बांधला. मग लालबागेत गेलो. वाटेत एका हॉटेलात डोसा खाल्ला, वर कॉफी. हे भराभर चालत होते, हात हलवत. लग्नाच्या आधी मला बघायला आले होते तेव्हा असेच चालत आले होते, ते मला आठवलं. तळ्याकाठी बसल्यावर त्यांनी माझा हात घेतला आणि शर्टावरून स्वतःच्या डाव्या कुशीवर ठेवला. आजूबाजूला माणसं होती आणि आमच्या वेळी असं कुणी करत नसे. मला संकोच वाटला, पण मी हात काढला नाही. छेदाची जाडसर रेघ हाताला लागत होती. इतके महिने मी तिला हात लावला नव्हता.

"काही जाणवतं?" मी विचारलं.

"काहीच नाही. लाकडासारखं. फार छान वाटतंय."

उन्हं उतरायला लागली. थोड्या वेळानं माझा हात त्यांनी आपणच उचलून बाजूला ठेवला. पट्टा सैल केला. घरी पोचेपर्यंत शर्ट पुन्हा बाहेर आला होता.

त्या एका दुपारमुळेच पुढचा निर्णय झाला. तंतू बधिर केला की दुखणं थांबतं, मग तो कापून टाकला तर कायमचं थांबेल, असं सर्जन म्हणाले. ऐकायला सरळ हिशेब होता. ह्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं? तुझा विषय आहे." मी वाचनालयात मिळेल ते वाचलं. कुणाला बरं वाटल्याचं लिहिलं होतं, कुणाचं वाढल्याचं. कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही, असंही लिहिलं होतं. मी तेच सांगितलं. सासूबाईंनी देवाला कौल लावला, तोही कधी उजवा, कधी डावा. शेवटी ह्यांनीच ठरवलं. "असं राहण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं."

तंतू कापला. पहिले काही आठवडे कुशीत बधिरपणा होता आणि आम्ही घरात मोठ्यानं बोलायलाही घाबरत होतो. मग त्या बधिर जागेतच जळजळ सुरू झाली. तिथे टाचणी टोचली तर कळत नव्हतं, आणि भाजत मात्र होतं. सर्जननी हे ऐकलं आणि ते खुर्चीवर बसले. त्यांनी मूतखडा फार सुबकपणे काढला होता. आता त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांनी उगाच काही सांगायचा प्रयत्नही केला नाही. मला त्याबद्दल त्यांचा राग कधी आला नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी निवृत्तीच्या जवळ आले तेव्हा, या विषयात जे कळत गेलं ते मी वाचत होते. कापलेल्या तंतूच्या टोकाशी गाठ धरते आणि सोडियम आत घेणाऱ्या वाटा तिथे गर्दी करतात. मग ते टोक कुणी न छेडता आपणच निरोप धाडत राहतं. जखमेतला मारा बराच वेळ चालला, तर पाठीच्या मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होऊन बसतात. त्यांच्यावरचे एरवी बंद असणारे दरवाजे उघडतात, आणि शर्टाचा स्पर्शही त्यांना भाजल्यासारखा पोचतो. जखमेतले मूळ पदार्थ तोवर कधीच वाहून गेलेले असतात. आमचे सर बरोबर होते, तिथे काही उरलं नव्हतं. आम्ही हातावर शोधत होतो आणि ते पाठीच्या कण्यात जाऊन बसलं होतं. मी हे ह्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग औषध काय?" मी म्हटलं, थोडंफार आहे, खात्रीचं नाही. "अच्छा," म्हणाले, आणि पेपर वाचायला घेतला.

पण ते फार नंतरचं. त्या काळात आम्हाला असं काहीही ठाऊक नव्हतं. ऊन आलं, गेलं, थंडी आली, तसं आम्ही जगत राहिलो. सासूबाईंनी जुन्या मऊ धोतराची अस्तरं ह्यांच्या शर्टांना आतून लावली. त्यानं थोडं बरं वाटायचं. कारखान्यात ह्यांनी तपासणी विभाग सोडला, कारण दिवसभर उभं राहून लक्ष लागत नव्हतं आणि एक सदोष भाग नजरेतून सुटला तो त्यांच्या मनाला लागला. ते कागदपत्रांच्या टेबलावर बसू लागले. कुशीबद्दल बोलणंही त्यांनी सोडून दिलं. कुणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. मला मात्र त्यांच्या श्वासावरून कळायचं की आज कसं आहे. कळून मी काय करणार होते? खिडकी लावायची, एवढंच.

मी नोकरी सोडली नाही. रोज सकाळी कागद काळे करत होते, रेघा मोजत होते. कधीकधी एखादी उंच रेघ उठली की सगळे जमून बघायचे, आणि मीही त्यांच्यात उभी असायची.

आमची मुलगी त्यानंतर झाली. हे तिला घ्यायचे, पण उजव्या बाजूलाच. पाळण्यातून काढून मी ती त्यांच्याकडे देताना नेहमी उजवीकडून द्यायची. ती चालायला लागली तेव्हा मला धास्ती वाटायची की धावत येऊन बाबांच्या कुशीला धडकेल. एका संध्याकाळी हे व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. ती आतून दुडुदुडु आली, ती नेमकी त्यांच्या डाव्या बाजूला. मी ताटातले तांदूळ टाकून उठणार, तोवर ती खुर्चीच्या हाताशी थांबली. मग खुर्चीला धरून धरून, मागून सबंध वळसा घालून, ती दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथून तिनं हात वर केले.

तिला हे कुणीही शिकवलेलं नव्हतं. ह्यांनी तिला उचलून घेतलं. मी पुन्हा खाली बसले आणि तांदूळ निवडायला लागले.